सीबीएम आणि सीबीएमपी: वळण कुठून सुरू होतं आणि पाऊल कुठे पडतं

वॉल्ट्झ या जोडीने नाचायच्या बॉलरूम नृत्यातल्या कुठल्याही फिगरचा (ठराविक पावलांच्या संचाचा) तक्ता उघडला की साधारण हे रकाने दिसतात: पावलाचा क्रमांक, पावलाची जागा, अलाइनमेंट (हॉलच्या कुठल्या दिशेला), वळणाचं माप, राइझ अँड फॉल (अंग वर-खाली होणं), फुटवर्क (पायाचा कुठला भाग टेकतो), सीबीएम आणि स्वे (अंगाचा बाजूला कल). बाकीचे रकाने वाचून निदान अंदाज तरी येतो. सीबीएमच्या रकान्यात मात्र, उदाहरणार्थ, नुसते '१ आणि ४' असे पावलांचे क्रमांक लिहिलेले असतात. काय करायचं, किती करायचं, कशाने करायचं याबद्दल एक शब्द नाही. त्यात पावलाच्या जागेच्या रकान्यात मधूनच 'सीबीएमपीमध्ये' असं येतं आणि शिकणारा दोन्ही गोष्टी एकच धरून चालतो.

त्या एक नाहीत. सीबीएम, म्हणजे कॉन्ट्रा बॉडी मूव्हमेंट, ही अंगाची क्रिया आहे. सीबीएमपी, म्हणजे कॉन्ट्रा बॉडी मूव्हमेंट पोझिशन, ही पावलाची जागा आहे. म्हणूनच तक्त्यात एकाला स्वतंत्र रकाना आहे आणि दुसरं पावलाच्या जागेच्या रकान्यात बसतं. अंग वळतं पण पाऊल सरळ आपल्या रेषेवर जातं, असं होऊ शकतं. पाऊल दुसऱ्या पावलाच्या रेषेवर जातं पण अंग अजिबात वळत नाही, असंही होऊ शकतं. आणि काही पावलांवर दोन्ही एकदम येतात.

लंडनच्या इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग या संस्थेची स्थापना १९०४ सालची, तिची बॉलरूम शाखा १९२४ ची. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो यांची पावलं मोजून, नावं देऊन तक्त्यात बसवण्याचं बरंचसं काम त्या शाखेने केलं. आज वाशीत शिका नाहीतर इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलमध्ये, 'सीबीएम' म्हटल्यावर समोरच्याने तेच समजावं अशी अपेक्षा असते ती त्यामुळे.

आता व्याख्या. जे पाऊल सरकतंय, त्याच्या दिशेने अंगाची विरुद्ध बाजू वळवणं म्हणजे सीबीएम. उजवं पाऊल पुढे जातंय तर डावी बाजू पुढे येते, म्हणजे अंग उजवीकडे वळू लागतं. डावं पाऊल पुढे, तर उजवी बाजू पुढे आणि वळण डावीकडे. मागे जाताना डावं पाऊल मागे तर उजवी बाजू मागे, वळण उजवीकडे. उजवं पाऊल मागे तर डावी बाजू मागे, वळण डावीकडे. हे चार प्रकार पाठ करायची गरज नाही. पुढे जाताना वळण पावलाच्याच बाजूला, मागे जाताना पावलाच्या विरुद्ध बाजूला, एवढं ध्यानात राहिलं की पुरे.

सीबीएमची गरज का पडते, हे वेळेच्या हिशोबाने लवकर समजतं. वॉल्ट्झची गती मिनिटाला २८ ते ३० बार, एक बार म्हणजे तीन ठोके. ३० धरले तर एका बारला २ सेकंद, एका ठोक्याला साधारण पाऊण सेकंदाहून थोडं कमी. नॅचरल टर्न या उजवीकडे वळणाऱ्या सहा पावलांच्या फिगरच्या पहिल्या तीन पावलांत जोडीला पूर्ण फेरीच्या ३/८ वळायचं असतं, म्हणजे १३५ अंश. त्यातलं पाव वळण, ९० अंश, पहिल्या आणि दुसऱ्या पावलाच्या मध्ये उरकायचं असतं. दुसऱ्या पावलापर्यंत अंग सरळच राहिलं आणि मग वळायचं ठरवलं, तर हाताशी फक्त झटका उरतो. तो झटका खांद्यातून येतो आणि पार्टनरच्या हातात जाणवतो. पहिल्या पावलावरच अंगाने वळायला सुरुवात केली असेल तर दुसरं पाऊल आपोआप वळून पडतं. व्हिएनीज वॉल्ट्झमध्ये बार मिनिटाला ५८ ते ६०, म्हणजे एका सेकंदाला एक बार. तिथे सीबीएम चुकलं की दोन बारांत जोडी रेषेबाहेर गेलीच म्हणून समजा.

पुढचं समजण्यासाठी हॉलची दिशा आधी ठरवावी लागते. लाइन ऑफ डान्स म्हणजे हॉलभोवती घड्याळाच्या उलट दिशेने जाणारी वाट. त्या वाटेवर तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला मध्य. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचं क्लबहाऊस असो की नेरुळ-खारघरमधला भाड्याचा हॉल, बहुतेक वेळा एका बाजूला आरसा, दुसऱ्या बाजूला रचून ठेवलेल्या खुर्च्या आणि मध्ये कुठेतरी एखादा खांब. सगळे आरशाकडे तोंड करून नाचतात आणि 'भिंतीकडे तिरपं' या शब्दांना अर्थच उरत नाही. आधी लांबीची एक भिंत निवडा, तीच 'भिंत' धरा आणि आरसा विसरा.

लीडरच्या (जोडीला नेणाऱ्याच्या; त्याच्यासोबत जाणारी ती फॉलोअर) बाजूने नॅचरल टर्न असा जातो. सुरुवात भिंतीकडे तिरपं तोंड करून, म्हणजे लाइन ऑफ डान्सपासून ४५ अंश उजवीकडे. पहिलं पाऊल उजवं, पुढे, टाचेवर पडून चवड्याकडे जाणारं. इथे सीबीएम. पाऊल मात्र अजून भिंतीकडे तिरपंच आहे. तक्त्यात या पावलाची अलाइनमेंट वळलेली दाखवत नाहीत. दुसरं पाऊल डावं, बाजूला, चवड्यावर. पाव वळण झालेलं, पाठ मध्याकडे तिरपी. तिसऱ्याला उजवं पाऊल डाव्याला मिळतं, आणखी १/८ वळण, पाठ लाइन ऑफ डान्सकडे, शेवटी टाच खाली. चौथं पाऊल डावं, मागे. इथे पुन्हा सीबीएम. चौथ्या-पाचव्याच्या मध्ये ३/८ वळण: पाचवं पाऊल उजवं, बाजूला, बोटं मध्याकडे तिरपी, पण अंग अजून थोडं मागे आहे. सहाव्याला डावं मिळतं आणि अंग वळण पूर्ण करतं. रकान्यातल्या '१ आणि ४'चा अर्थ हा. रिव्हर्स टर्न, म्हणजे डावीकडचं वळण, याचाच आरसा: मध्याकडे तिरपं तोंड, डावं पाऊल पुढे, उजवी बाजू पुढे, सीबीएम पुन्हा १ आणि ४ वर.

स्वेचा रकाना शेजारीच असतो, त्याचीही इथेच ओळख करून घ्यावी. नॅचरल टर्नमध्ये लीडरचा स्वे १ वर नाही, २ आणि ३ वर उजवीकडे, ४ वर नाही, ५ आणि ६ वर डावीकडे. जिथे सीबीएम आहे तिथे स्वे नाही. सीबीएम वळण सुरू करतं, त्यातून बाजू पुढे झेपावते आणि त्या झेपेचा तोल सांभाळायला पुढच्या पावलावर स्वे येतो. स्वे वेगळा 'करायला' शिकवलेल्या जोड्या कमरेतून वाकलेल्या दिसतात, कारण आधीचं सीबीएमच झालेलं नसतं.

प्रत्यक्ष क्रिया वजनाच्या पायातून होते, आणि हे सगळ्यांत कमी शिकवलं जातं. नॅचरल टर्नच्या पहिल्या पावलाआधी वजन डाव्या पायावर आहे. गुडघा मऊ होतो, उजवा पाय डाव्याजवळून पुढे जायला लागतो आणि त्याच वेळी डाव्या खुब्यातून वर, बरगड्यांपर्यंत, सगळी डावी बाजू पुढे वळायला लागते. उजवी टाच टेकेपर्यंत वळणाची सुरुवात झालेली असते. कमरेचं हाड आणि छाती दोन्ही सोबत जातात. छाती एकटी गेली आणि कंबर मागे राहिली तर अंगाला ओल्या टॉवेलसारखा पीळ बसतो, आणि त्या पिळातून वळण नाही, फक्त ताण मिळतो.

इथे एक समजूत खोडून काढायला हवी. रस्त्याने चालताना उजवा पाय पुढे गेला की डावा हात पुढे येतो, म्हणून 'सीबीएम म्हणजे नैसर्गिक चालणंच' असं सांगितलं जातं. सुरुवातीला धीर द्यायला ते ठीक आहे. पण चालताना खांदे आणि कंबर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून तर माणूस सरळ जातो. बॉलरूममध्ये दोघं एकाच दिशेने जायला हवेत, कारण आपल्याला वळायचं आहे. सालसा-बचाटाच्या बॅचमधून वॉल्ट्झकडे आलेल्यांना खांदे आणि कंबर सुटे हलवायची चांगली सवय असते. तिथली ती मेहनत इथे आडवी येते.

तक्त्यात सीबीएमचं माप अंशांत दिलेलं नसतं. ते फिगरवर ठरतं. क्लोज्ड चेंज या तीन पावलांच्या फिगरमध्ये पहिल्या पावलावर अगदी थोडं, कारण तिथे जोडी जवळपास सरळच जाते. नॅचरल आणि रिव्हर्स टर्नमध्ये भरपूर. ज्याला किती वळायचंय ते ठाऊक आहे त्याला किती सीबीएम द्यायचं ते विचारावं लागत नाही, असं म्हणायला हरकत नाही. पण नवख्याने थोडं कमीच द्यावं. कमी पडलं तर फिगर जरा कमी वळते. जास्त झालं तर फॉलोअर लीडरच्या समोरून निसटते.

नेमकं काय बिघडतं ते पार्टनरकडून विचारून घ्यावं, आरशात ते दिसत नाही. नॅचरल टर्नमध्ये फॉलोअर म्हणाली की 'मला तुझ्या उजव्या हाताने ओढल्यासारखं वाटतं', तर लीडर डावी बाजू पुढे न आणता उजवा खांदा मागे खेचतोय. वळण दोन्हींनी मिळतं, फरक असा की खांदा मागे खेचल्यावर अंगाची पुढची गती तिथेच तुटते आणि उजवं कोपर पाठीमागे जातं. रिव्हर्समध्ये हीच चूक डाव्या बाजूला होते: डावा हात मागे जातो, फ्रेम, म्हणजे दोघांच्या हातांची चौकट, त्या बाजूने बसते आणि फॉलोअरचा तोल लीडरच्या डावीकडे जातो. पुढे जाताना बाहेरची बाजू पुढे आणायची, मागे जाताना आतली बाजू मागे न्यायची. ही अदलाबदल झाली की वळण होतं पण नाच पुढे सरकत नाही. जोडी एका जागी भोवरते आणि हॉलच्या मधोमध जाऊन पोचते.

दुसरी चूक पावलाची. अंग वळवताना पाऊलही वळवलं जातं. उजवं पाऊल उजवीकडे उघडं पडलं की ते फॉलोअरच्या दोन पावलांच्या मधून न जाता बाहेरून जातं. पहिलं पाऊल रेषेवर सरळ, टाच आणि बोटं भिंतीकडे तिरप्या रेषेतच.

तिसरी चूक उशिराची. पाऊल टेकलं, वजन आलं, आणि मग वळायला सुरुवात. याची खूण म्हणजे दुसरं पाऊल छोटं पडतं आणि तिसऱ्याला पाय जोडताना घाई होते. वर्गात बहुतेक वेळा 'तिसरं पाऊल लवकर मिळवा' असा सल्ला मिळतो. त्याने काही होत नाही. दुरुस्ती पहिल्या पावलाआधी आहे.

फॉलोअरचं सीबीएम वेगळं समजावून सांगायला हवं, कारण 'लीडर वळवेल' या भरवशावर ते सुटतं. लीडरचं उजवं पाऊल पुढे आलं की तिचं डावं मागे जातं, आणि तिची उजवी बाजू मागे जायला हवी. तिने ती तशीच समोर ठेवली तर लीडरची पुढे येणारी डावी बाजू तिच्या अंगावर अडते आणि त्याला वाटतं की ती जड आहे. ती जड नाही, रस्ता बंद आहे. पण रस्ता द्यायला म्हणून तिने डावं पाऊल बाजूला टाकलं तर आणखी पंचाईत: दोघांचे गुडघे भिडतात. पाऊल सरळ मागे, बाजू मागे, आणि डोकं डावीकडे तसंच. मागे बघण्यासाठी मान उजवीकडे फिरवली की वजन लगेच उजवीकडे झुकतं.

आता सीबीएमपी. इथे अंगाला काही करायचं नाही. सरकणारं पाऊल वजनाच्या पावलाच्या रेषेवर, किंवा ती रेषा किंचित ओलांडून, पुढे किंवा मागे ठेवायचं, आणि त्यासाठी अंगाची दिशा बदलायची नाही. त्या पावलावर मांड्या एकमेकींना ओलांडतात. वरून पाहिलं तर सीबीएम झाल्यानंतर अंग आणि पाय जसे दिसले असते तसेच ते दिसतात. नाव त्यामुळे पडलंय, आणि घोळही त्यामुळेच झालाय.

याची गरज मुख्यतः आउटसाइड पार्टनर पावलांना पडते, म्हणजे लीडरचं उजवं पाऊल फॉलोअरच्या दोन पावलांच्या मधून न जाता तिच्या उजव्या पायाच्या बाहेरून जातं तेव्हा. ते पाऊल आपल्या नेहमीच्या रुळावरून टाकलं तर बाहेर जाण्यासाठी सगळं अंग डावीकडे सरकवावं लागतं. दोघांत फट पडते, उजवा हात तिच्या पाठीवरून घसरतो आणि पुढचा लीड पोचतच नाही. पाऊल स्वतःच्या डाव्या पावलाच्या रेषेवर ठेवलं तर अंगं जवळ राहतात, उजवी मांडी उजव्या मांडीला लागून जाते. त्याच वेळी फॉलोअरचं डावं पाऊल मागे, तेही सीबीएमपीमध्ये.

फॉक्सट्रॉटची फेदर स्टेप बघितली की दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिसतात. लीडरचं पहिलं पाऊल उजवं, पुढे, स्लो (दोन ठोके), त्यावर सीबीएम. दुसरं डावं, पुढे, क्विक (एक ठोका), डावी बाजू आघाडीला ठेवून, बाहेर जायची तयारी. तिसरं उजवं, पुढे, क्विक, आउटसाइड पार्टनर, सीबीएमपीमध्ये. फुटवर्क टाच-बोटं, बोटं, बोटं-टाच. पहिल्या पावलावरच्या सीबीएमने डावी बाजू पुढे आली, दुसऱ्यावर ती पुढेच राहिली, म्हणून तिसरं पाऊल अंग न पिळता रेषेवर जाऊ शकलं. मधलं पाऊल डावी बाजू सोडून टाकलं की तिसऱ्याला कंबर वळवून पाय आडवा फेकावा लागतो. फेदर 'होत नाही' अशी तक्रार असलेल्यांनी तिसऱ्या पावलाचा नाद सोडून दुसऱ्याकडे बघावं.

प्रॉमेनेड पोझिशनमध्येही सीबीएमपी येतं. वॉल्ट्झमध्ये व्हिस्क ही फिगर झाल्यावर दोघं एकाच दिशेला उघडलेले असतात. तिथून शासे (पाऊल-जोड-पाऊल अशी झटपट चाल) घेताना लीडरचं पहिलं उजवं पाऊल पुढे आणि आडवं, प्रॉमेनेड आणि सीबीएमपीमध्ये, पुढची मोजणी दोन-आणि-तीन. लग्नाच्या संगीतासाठी चार आठवड्यांत वॉल्ट्झ बसवणाऱ्यांना हे शासे हमखास शिकवतात, कारण ते दिसतं छान. इथे दोघांची पहिली पावलं आत ओलांडून जातात, म्हणून कोणी एकाने जरी मोठं पाऊल टाकलं तरी दोघं एकमेकांपासून फाकतात. पहिलं पाऊल बेताचं ठेवलं की बाकीचं निभावतं. या शासेनंतर नॅचरल टर्न घेतला तर त्याचं पहिलं पाऊल आउटसाइड पार्टनर असतं: पाऊल सीबीएमपीमध्ये आणि अंग सीबीएम करतंय. दोन्ही एकाच पावलावर येतात ते असे.

टँगोचं गणित वेगळं. तिथे लीडर पुढे चालतो तेव्हा प्रत्येक डावं पाऊल सीबीएमपीमध्ये पडतं आणि प्रत्येक उजवं पाऊल उजवी बाजू आघाडीला ठेवून. टँगोच्या होल्डमध्ये, म्हणजे एकमेकांना धरण्याच्या ठेवणीत, फॉलोअर लीडरच्या उजव्या बाजूला जरा जास्त असते आणि लीडरचं अंग आपल्या पावलांच्या रेषेशी किंचित डावीकडे वळलेलं असतं; त्या ठेवणीतून डावं पाऊल पुढे टाकलं की ते आडवंच येतं. चाल हळूहळू डावीकडे वाकत जाते ती याच कारणाने. नवखे लोक ती वाकडी वाट 'दुरुस्त' करून नाकासमोर सरळ चालतात आणि टँगोचा वॉल्ट्झ होतो. चालताना सीबीएम द्यायचा मोहही टाळावा. प्रत्येक डाव्या पावलाला अंग वळलं तर झोकांड्या खाल्ल्यासारखं दिसतं.

सरावासाठी क्लबहाऊसच्या टाइल्स उपयोगी आहेत. बऱ्याच ठिकाणी त्या ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या असतात, दोन फुटांचा चौकोन. सीबीएमपीसाठी डावं पाऊल सांध्याच्या रेषेवर ठेवा, दोन्ही हात खुब्याच्या हाडांवर. उजवं पाऊल त्याच रेषेवर पुढे टाका. हातांखालची हाडं समोरच्या भिंतीला समांतरच राहिली पाहिजेत. एक हात पुढे गेला तर ते सीबीएमपी नव्हे. मग उजवं रेषेवर ठेवून डाव्याने. मग दोन्ही मागे.

सीबीएमसाठी दोन पावलं रेषेच्या दोन बाजूंना, एक हात छातीच्या हाडावर, एक बेंबीवर. उजवं पाऊल त्याच्या बाजूनेच, रेषेला समांतर, पुढे. दोन्ही हात एकदम उजवीकडे फिरले पाहिजेत आणि पाऊल सरळ राहिलं पाहिजे. वरचा हात फिरला आणि खालचा नाही, तर पीळ. चारही प्रकार संगीताशिवाय, सावकाश. फोनने चित्रीकरण करायचं तर समोरून करू नका. बाजूने आणि गुडघ्याच्या उंचीवरून करा, पाऊल कधी टेकलं आणि कंबर कधी फिरली हे तिथूनच कळतं. जोडीने करताना आधी होल्डशिवाय, हाताचे तळवे एकमेकांना लावून. ओढाओढी असेल तर तळव्यात लगेच समजते.

बुटांकडे दुर्लक्ष करू नका. रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज घालून सीबीएम केलं तर अंग वळतं, पाऊल जमिनीला चिकटून राहतं आणि मधला फरक गुडघा भरून काढतो. स्वेडच्या तळव्याचे डान्स शूज किंवा गुळगुळीत चामड्याचा तळवा बरा. नुसत्या मोज्यांवर व्हिट्रिफाइड टाइल्सवर नाचणं धोक्याचं, आणि घसरण वाढवायला टाल्कम पावडर टाकणं त्याहून. पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत स्वेड ओल धरतं, त्याचे तंतू दबून चपटे होतात आणि तळवा कधी चिकटतो, कधी घसरतो. वर्गापूर्वी तारेच्या ब्रशने एकाच दिशेने घासून तंतू उभे करा, आणि ते बूट घालून हॉलच्या बाहेर, ओल्या पोर्चमध्ये पाऊल टाकू नका.